भेटीनंतरची लाट

लाट आणि क्षणभंगुरता यांची सांगड आपल्या भाषेत फार जुनी आहे. संसाराला सागर म्हणावे, माणसाच्या आयुष्याला त्यावरची एक लाट म्हणावे, की निम्मे कीर्तन झालेच! उठली, फुटली, विरली. तीन क्रियापदांत लाटेचे सारे चरित्र आटोपते. त्यातून दोन लाटांची गाठ पडली तर बोलायलाच नको. तेथे फेस उरतो, लाट उरत नाही. दृष्टांत सोयीचा आहे, आणि बहुतेक पाण्यांच्या बाबतीत खराही आहे. परंतु गणित हे असे चिकित्सक शास्त्र आहे की, दृष्टांतालाही ते पुरावा मागते. आणि या दृष्टांताला त्याने एक अपवाद काढून ठेवला आहे. एकमेकींस भेटूनही न मोडणाऱ्या लाटा आहेत. त्या का मोडत नाहीत याचे कारण बीजगणितात दडलेले आहे. आणि ते कारण उमगल्यापासून ‘भेट’ या साध्या शब्दाकडेच मी थोड्या निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

अशी लाट प्रथम नीट न्याहाळली ती जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश इंजिनियराने. १८३४ सालचा ऑगस्ट महिना होता. एडिंबरोनजीकच्या युनियन कालव्यातून घोड्यांची जोडी एक नाव भरधाव ओढीत नेत होती, आणि सव्वीस वर्षांचा रसेल ते पाहत होता. नाव एकाएकी थांबली. पण तिने हलवलेले पाणी थांबले नाही. ते नावेच्या पुढच्या टोकाशी गोळा झाले, खळबळले, आणि मग नावेला मागे टाकून एका गोल, गुळगुळीत, एकसंध उंचवट्याच्या रूपाने कालव्यातून चालू लागले. रसेल घोड्यावरून त्याच्या मागे निघाला. लाट सुमारे तीस फूट लांब आणि फूट-दीड फूट उंच होती. ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने ती जात होती. तिची उंची हळूहळू कमी होत गेली, पण घाट मोडला नाही. मैल-दोन मैलांच्या पाठलागानंतर कालव्याच्या वळणांत ती दिसेनाशी झाली.

पाण्याकडे टक लावून बसणारे जगात थोडे नाहीत. पण लाटेच्या मागे घोडा घालणारा विरळाच. रसेलला ती लाट विसरता आली नाही. त्याने हौद बांधून त्यात तशा लाटा मुद्दाम उत्पन्न केल्या, त्या मोजल्या, आणि उंच लाट ठेंगण्या लाटेपेक्षा जलद धावते हा नियम काढला. १८४४ साली आपला विस्तृत वृत्तांत त्याने ब्रिटिश असोसिएशनपुढे ठेवला. एअरी आणि स्टोक्स यांच्यासारख्या तत्कालीन धुरंधरांना मात्र त्याचे म्हणणे पटले नाही. त्यांच्या सिद्धांतात अशा लाटेला जागाच नव्हती. आणि सिद्धांतात जागा नसलेली वस्तू डोळ्यांना दिसली तर विद्वान मनुष्य बहुधा डोळ्यांचाच दोष मानतो. पुढे १८७१ साली फ्रान्समध्ये बूसिनेस्क याने आणि १८७६ साली इंग्लंडात रॅले याने अशी लाट संभवते हे गणिताने दाखवून दिले. रसेल १८८२ साली वारला; तेव्हा आपल्या लाटेला न्याय मिळालेला त्याच्या हयातीतच घडला, एवढे तरी खरे.

१८९५ साली अ‍ॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक कोर्तेवेख आणि त्यांचे शिष्य द व्हरीस यांनी या लाटेचे समीकरण मांडले. त्याचा मतितार्थ चिन्हांवाचूनही सांगता येण्याजोगा आहे. उथळ पाण्यातील लाटेच्या अंगी दोन खोडी असतात. तिचा माथा पायथ्यापेक्षा जलद चालतो, म्हणून ती पुढे कलत कलत अखेरीस कोसळते, ही पहिली. आणि ती ज्या लहानमोठ्या तरंगांची बनलेली असते त्यांच्या गती निरनिराळ्या असल्यामुळे, सकाळी एकत्र निघालेली दिंडी दुपारपर्यंत रस्ताभर पांगावी तशी ती पसरत जाते, ही दुसरी. या दोन्ही खोडी नेमक्या तोलल्या गेल्या, की लाट ना कोसळते ना पांगते. दोन अवगुणांच्या समतोलातून एक गुण निपजावा, असे उदाहरण नीतिशास्त्राच्या पुस्तकात सहसा सापडावयाचे नाही! हे समीकरण मांडणारे द व्हरीस पुढे शाळेत शिक्षक झाले, आणि त्या समीकरणाकडेही साठ-सत्तर वर्षे फारसे कोणी फिरकले नाही.

त्याची आठवण जगाला झाली ती भलत्याच वाटेने. अमेरिकेत लॉस अलामोस येथे फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी गणकयंत्रावर एक प्रयोग मांडला. स्प्रिंगांनी एकमेकांस जोडलेल्या कणांची एक रांग कल्पावयाची, तिला एका विशिष्ट रीतीने डोलवावयाचे, आणि ती शक्ती हळूहळू साऱ्या प्रकारच्या डोलण्यांत कशी वाटली जाते हे पाहावयाचे, असा बेत होता. यंत्राला ते काम समजावून देणारी आज्ञावली मेरी त्सिंगू यांनी लिहिली. त्यांचा सहभाग १९५५ च्या अहवालात नोंदलेला आहे. पण प्रयोगाला नाव पडले ते मात्र तिघा पुरुषांचेच. अपेक्षा अशी होती की, शक्ती एकदा वाटली गेली की वाटली गेली; सांडलेले दूध पुन्हा भांड्यात येत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ वेळाने जवळजवळ सगळे दूध भांड्यात परत आले! या कोड्याचा माग काढता काढता १९६५ साली झबुस्की आणि क्रुस्कल हे कोर्तेवेख-द व्हरीस समीकरणापाशी येऊन पोहोचले. त्यांनी यंत्रावर लाटा सोडल्या. उंच लाट मागून आली, तिने ठेंगणीला गाठले, दोघी एकमेकींत शिरल्या, आणि जराशाने दोघीही आपापल्या पूर्वीच्या उंचीने व वेगाने बाहेर पडल्या. लाटांचे हे वर्तन पदार्थाच्या कणांसारखे दिसल्यामुळे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांच्या धर्तीवर त्यांनी तिचे नाव ठेवले ‘सॉलिटॉन’.

माझे एक स्नेही आहेत. उभी हयात वकिलीत घालवून ते आता निवृत्त झाले आहेत. संध्याकाळी आम्ही बरोबर फिरावयास जातो. आणि मी आयुष्यभर गणित शिकवले असल्यामुळे, गणिताची एखादी गोष्ट ऐकून घेणे हा त्यांनी आपल्या पथ्याचाच भाग करून टाकला आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी वारल्या. त्या विषयावर ते सहसा बोलत नाहीत. लाटांची ही हकीकत मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

“प्रोफेसर,” ते अखेर म्हणाले, “तुमची ही लाट मला आवडली नाही. कृतघ्न आहे ती.”

“ती कशी काय, वकीलसाहेब?”

“दुसरीला भेटली, तिच्यात मिसळली, आणि बाहेर पडली ती जशीच्या तशी. उंची तीच, चाल तीच. जणू भेट झालीच नाही!” मग थोडे थांबून ते म्हणाले, “आता माझेच पाहा. ही गेली तेव्हा वाटले होते, आता आपले काही खरे नाही. पण मी आहे तसाच आहे. वेळेवर जेवतो, वेळेवर निजतो, वर्तमानपत्रातील कोडे सोडवतो. सूनबाईंना त्याचे बरे वाटते. मला मात्र शरम वाटते. एकोणचाळीस वर्षांच्या सोबतीची माझ्यावर काहीच खूण उरू नये?”

अशा प्रश्नाला गणिताच्या माणसाने उत्तर देऊ नये, एवढे तारतम्य मला आहे. परंतु लाटेवर त्यांनी केलेला आरोप वस्तुस्थितीला सोडून होता. आणि लाट ही माझी अशील असल्यामुळे तिची बाजू मांडणे मला प्राप्तच होते. तीच येथे जरा सविस्तर मांडतो.

समजा, एक लाट आठ अंगुळे उंच आहे आणि दुसरी दोन. मोठी मागून येऊन लहानीला गाठते. दोघी पूर्णपणे एक झाल्या त्या क्षणी पाण्याची उंची किती असावी? आठ आणि दोन दहा, असे कोणीही म्हणेल. समीकरण म्हणते, सहा! त्या क्षणी पाण्यावर एकच लाट असते, आणि ती मोठीहून दोन अंगुळे बुटकी असते. तेव्हा भेट झालीच नाही असे कसे म्हणावे? त्या घटकेपुरती दोघींपैकी एकही ओळखू येत नाही. त्यानंतर त्या पुन्हा निराळ्या होतात, आणि उंची खरोखरच आठ व दोन अशी पूर्ववत होते. परंतु एक गोष्ट पूर्ववत होत नाही. आपापल्या चालीने त्या जेथे असावयास हव्या होत्या, तेथे त्या नसतात. मोठी आपल्या जागेच्या पुढे गेलेली असते, लहान मागे राहिलेली असते. आणि हा फरक मग कधीच भरून निघत नाही. भेटीची खूण लाटेच्या आकारावर राहत नाही, ती तिच्या जागेवर राहते.

या जागा बदलण्यातही मोठा चोख हिशेब आहे. वरच्या उदाहरणात मोठी लाट एक हात पुढे सरकली असेल, तर लहान बरोबर दोन हात मागे पडते. मोठीची उंची लहानीच्या चौपट असली तरी तिची रुंदी निम्मी असते, म्हणून तिच्यात पाणी असते दुप्पट. दुप्पट पाणी एक हात पुढे, एकपट पाणी दोन हात मागे, जमाखर्च शून्य. लहानीला अधिक सोसावे लागते हे खरे, पण दोघींनी मिळून जगाचे काही देणे ठेवलेले नसते.

हा जमाखर्च जुळतो कसा, हे विचारू लागले की आपण सममितीच्या दारात येऊन उभे राहतो. चौकोनी रांगोळी पाव वळसा फिरवली आणि पाहणाऱ्यास काही बदलले आहे असे वाटले नाही, तर त्या रांगोळीत सममिती आहे असे आपण म्हणतो. समीकरणालाही अशा सममिती असतात. कालव्याच्या या टोकाऐवजी त्या टोकाला लाट सोडली, आजच्या ऐवजी उद्या सोडली, तरी नियम तोच राहतो. आपणच समान गतीने चालत चालत लाट पाहिली आणि पातळीचा हिशेब त्याप्रमाणे बदलून घेतला, तरीही तोच राहतो. एमी न्योटर या जर्मन विदुषीने १९१८ साली सिद्ध केले की, अशा प्रत्येक सममितीच्या पोटी एक अक्षय्य राशी असते, म्हणजे काहीही घडले तरी जिच्यात वाढ वा घट होत नाही अशी एखादी गोष्ट. वर सांगितलेला एका हाताचा आणि दोन हातांचा जमाखर्च शेवटच्या सममितीतून निघतो.

आता, डोळ्यांना दिसणाऱ्या सममिती अशा तीन-चार. तेवढ्यांच्या बळावर लाटेचा घाट टिकता ना. परंतु शोध घेणाऱ्यांना या समीकरणात अक्षय्य राशी एकामागून एक सापडतच गेल्या, आणि १९६८ साली मिउरा, गार्डनर व क्रुस्कल यांनी दाखवून दिले की त्यांना अंतच नाही. प्रत्येक राशीमागे एक गुप्त सममिती आहे. प्रत्येक सममिती ही जणू एक निराळी कालगती आहे. तिच्या ओघात लाट सोडली तरी लाट लाटच राहते, आणि दोन ओघांतून तिला कोणत्याही क्रमाने नेले तरी ती एकाच ठिकाणी येऊन पोहोचते. आता लाटेच्या बाजूने विचार करा. एका भेटीत अनंत खात्यांचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत जुळवावयाचा आहे. अशा स्थितीत उंची बदलण्याची किंवा एखादा नवा तरंग सांडण्याची मुभाच कोठे उरते? मी वकीलसाहेबांना म्हणालो, “जिच्यावर असंख्य साक्षीदारांची नजर आहे अशी ही आरोपी आहे. तिला जबानी फिरवता येत नाही.”

याच्या आदल्याच वर्षी, १९६७ साली, गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल व मिउरा यांना याहून नवलाची गोष्ट आढळली होती. लाटेचा प्रत्येक क्षणीचा आकार घेऊन त्यावर पुंजयांत्रिकीतील श्रोडिंगरचे समीकरण लावले, तर त्यातून काही संख्या निघतात. लाटा धावतात, एकमेकींत शिरतात, आकार क्षणाक्षणाला पालटतो. त्या संख्या मात्र तिळमात्र हलत नाहीत. एखादी घंटा मेणासारखी आकार बदलीत राहावी, आणि कोणत्याही क्षणी टोला दिला तरी तिच्यातून तेच स्वर निघावेत, तसा हा प्रकार आहे. ठेंगणी आणि उंच लाट ही त्या घंटेच्या दोन स्वरांची पाण्यावर उमटलेली रूपे होत. भेटीच्या क्षणी रूप हरवते. स्वर हरवत नाहीत.

पुढचा अध्याय जपानात लिहिला गेला. १९८१ च्या सुमारास क्योटो येथे मिकिओ सातो यांनी अशा समीकरणांची सारी उत्तरे एका अनंत मितींच्या अवकाशातील बिंदू म्हणून पाहिली. आणि दाते, जिंबो, काशिवारा व मिवा यांनी एका उत्तरातून दुसरे उत्तर उपजविणाऱ्या सममितींचे बीजगणित उभे केले. (दाते हे आडनाव वाचून मराठी वाचकाने हुरळून जाऊ नये. हे दाते जपानचे!) पूर्वीच्या सममिती कोणत्याही क्रमाने लावता येत होत्या; या नव्या मोठ्या कुटुंबात क्रमाला महत्त्व आहे. आणि यांची करामत अशी की, लाटच नसलेल्या स्वस्थ पाण्यावर त्यांतील एक लावली की एक लाट उभी राहते, दुसरी लावली की दोन. तीच पुन्हा एकदा लावली तर मात्र काही निष्पन्न होत नाही. बीजगणिताच्या भाषेत तिचा वर्ग शून्य आहे. एकाच कालव्यात अगदी एकाच उंचीच्या दोन लाटा का नांदू शकत नाहीत, याचे मर्म या शून्यात आहे. ज्या अनंत मितींच्या बीजगणिताने हे साधते, ते काक आणि मूडी यांनी लाटांचा विचारही मनात न आणता पूर्वीच घडवून ठेवले होते. त्याच व्हिक्टर काक यांनी १९८५-८६ च्या हिवाळ्यात मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्याने दिली. ए. के. रैना यांच्यासह सिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ १९८७ साली निघाला. त्याच्या नावातच मुंबई आहे. कुलाब्याच्या समुद्राशेजारी बसून श्रोते फळ्यावरच्या लाटांचे बीजगणित उतरवून घेत असतील, ही कल्पना मला मोठी गोड वाटते.

इतके सांगून झाल्यावर लाटेची बाजू मांडणाऱ्याने आपल्या अशिलाची मर्यादाही सांगितली पाहिजे. समीकरणाची लाट आणि पाण्याची लाट या सर्वस्वी एक नव्हेत. कालव्याच्या पाण्याला घर्षण आहे, तळ सपाट नाही. म्हणूनच रसेलची लाट हळूहळू खाली बसत गेली. दुसरे असे की, ही अनंत सममिती फार थोड्या समीकरणांच्या वाट्यास येते. कोर्तेवेख-द व्हरीस समीकरणातील एक घातांक पुरेसा वाढवावा, की सारे ऐश्वर्य लोपते. अशा समीकरणातही डौलाने चालणारी एकटी लाट असते. एकटी असताना तिच्यात आणि सॉलिटॉनमध्ये भेद ओळखू येणार नाही. पण तिची दुसरीशी गाठ घालून द्यावी. ती बाहेर येते ती थोडी बदलून, आणि मागे बारीक तरंगांचा पाचोळा सांडून. तेव्हा एकटेपणी शाबूत राहणे हे काही मोठे लक्षण नव्हे. कसोटी लागते ती भेटीत.

आणि मनुष्याचे आयुष्य या दोहोंपैकी कोणत्या समीकरणाने चालते, हे मला कोणी विचारले तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन. आपण भेटतो तेव्हा घासतो, झिजतो, थोडा पाचोळा मागे सोडतो. आपल्या खात्यांचे हिशेब इतके चोख कोठून असणार? म्हणून सॉलिटॉनवरून आत्म्याचे अमरत्व सिद्ध करू पाहणाऱ्यांना माझा हात जोडून नकार आहे. प्रमेय आपल्या गृहीतांच्या बाहेर पाऊल टाकीत नाही, आणि दुःखी माणसापुढेही ते ताणू नये. वकीलसाहेबांना मी हे सगळे स्पष्टपणे सांगितले.

ते हसून म्हणाले, “मला आत्मा नको आहे हो. तो पुढेमागे पाहू. तुमच्या त्या दोन हातांचे तेवढे पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितले. घाट तोच राहतो, चाल तीच राहते. सरकते ती जागा, आणि ती कायमची सरकते. त्यांनी मान डोलावली आणि ते चालू लागले. मी अर्धे पाऊल मागे होतो, म्हणून पुष्कळ दिवसांपासून लक्षात आलेली एक गोष्ट पुन्हा दिसली. ते नेहमी रस्त्याच्या बाहेरच्या बाजूने, वाहनांच्या अंगाने चालतात. आतल्या बाजूस एका माणसापुरती जागा मोकळी सोडतात. त्या जागेत ते मला येऊ देतात, पण मी नसलो तरीही ती तशीच सुटलेली असते, हे मी दुरून पाहिले आहे. उंची तीच, चाल तीच. मी त्याविषयी त्यांना काही बोललो नाही. साक्षीदाराने आपणहून जबानी देऊ नये, असे त्यांनीच मला एकदा सांगितले होते.

१९९५ सालच्या जुलै महिन्यात जगभरचे शास्त्रज्ञ त्याच युनियन कालव्यावर जमले, आणि रसेलचे नाव दिलेल्या जलसेतूवर त्यांनी नाव ओढून ती लाट पुन्हा एकदा उभी केली. रसेलने पाहिलेले पाणी तेव्हा कधीच वाहून गेले होते. लाटेला मात्र त्याच पाण्याची गरज नव्हती. तिला हवी होती तेवढीच खोली, तेवढीच रुंदी, आणि एकाएकी थांबणारी एक नाव.